जातिवंत मांजर आणि शोजो मांगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शोजो मांगा (जपानी चित्रकथा) वाचते आणि माझ्याकडे ठमी नावाची एक पर्शियन मांजरी आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पण मला येणारे प्रश्न बघता निम्म्या लोकांना मांजर पाळावंसं वाटलं ते एखाद्या मालिकेमुळे, आणि उरलेल्यांना मांजर झोपल्यावर वाचायला काहीतरी हवं असतं. तेच तेच प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. शोजो म्हणजे प्रेमकथा, बरोबर ना?

नाही. शोजो म्हणजे किशोरवयीन मुलींसाठी काढलेल्या मासिकांत छापून आलेली मांगा. ही वर्गवारी वाचकवर्गाची आहे, विषयाची नाही. 'नाकायोशी', 'रिबोन', 'मार्गारेट', 'हाना तो युमे', 'लाला' ही या घराण्यातली जुनी नावं. त्यात प्रेमकथा भरपूर असतात हे खरं, पण भयकथा, विज्ञानकथा, इतिहासही असतो. उलट 'कागुया-सामा' ही पूर्णपणे प्रेमाभोवती फिरणारी मालिका तरुण पुरुषांच्या, म्हणजे सेइनेन, मासिकातली आहे. मोठ्या बायकांसाठीच्या मासिकांना जोसेई म्हणतात. तिथे नायिका नोकरी करते, भाडं भरते आणि पहिल्या चुंबनासाठी सात खंड थांबत नाही.

२. सुरुवात कुठून करू? एकच नाव सांगा.

एकच सांगायचं तर नात्सुकी ताकाया यांची 'फ्रुट्स बास्केट'. २३ खंड, पूर्ण झालेली, आणि मांजरवाल्यांसाठी त्यात खास कारण आहे (प्रश्न ६). निव्वळ लाजऱ्या प्रेमाची गोष्ट हवी असेल तर करुहो शिइना यांची 'किमी नि तोदोके', पण ती ३० खंडांची आहे आणि घाईच्या माणसाचं तिथे काम नाही. इओ साकिसाका यांची 'आओ हारु राइड' १३ खंडांत आटोपते. आई याझावा यांची 'नाना' अप्रतिम आहे, मात्र लेखिकेच्या आजारपणामुळे २००९ पासून थांबलेली आहे. २१ खंड वाचून झाल्यावर तुम्ही चिडून मला लिहिणार, म्हणून आधीच सांगून ठेवते.

३. पानं उलटी छापली आहेत का? पुस्तक परत करू?

परत करू नका. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात; पानही तसंच आणि पानावरच्या चौकटीही तशाच, उजव्या वरच्या कोपऱ्यापासून. दोन-तीन प्रकरणांत डोळ्यांना सवय होते.

४. हात धरायला दहा खंड का लागतात? मला वैताग येतो.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. विचारणाऱ्यांत नवीन वाचकांबरोबर त्यांचे नवरेही असतात.

पहिलं कारण छपाईचं. मालिका मासिकात येते, महिन्याला साधारण तीस-चाळीस पानं, आणि असे चार-सहा भाग जमले की एक खंड होतो. दहा खंड म्हणजे मूळ वाचकाची तीन-चार वर्षं. ती मुलगी शाळेत असताना वाचायला लागते आणि कथेतला मुलगा हात पुढे करतो तोवर तिचीच शाळा संपत आलेली असते. आपण तेच एका शनिवार-रविवारी वाचून संपवतो आणि मग कथा रेंगाळते म्हणतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. या कथांमध्ये 'घडणं' वेगळ्या ठिकाणी असतं. नातं सुरू होतं ते कोकुहाकुने, म्हणजे 'तू मला आवडतोस' हे तोंडाने म्हणण्याने. त्याआधी दोघं रोज बरोबर घरी जात असली तरी ते नातं नव्हे. मग आडनावाऐवजी नावाने हाक मारणं येतं. मराठीत 'तुम्ही'वरून 'तू'वर येताना जीभ कशी अडखळते ते आठवा. तेवढ्या अडखळण्यावर इथे अख्खं प्रकरण उभं राहतं. -सान, -कुन, -चान, -सेनपाई हे नावामागे लागणारे शेपटीचे शब्द गाळून वाचलंत तर निम्मी कथा हातातून गेली.

त्यात वर्षाचं पंचांग ठरलेलं. १४ फेब्रुवारीला जपानमध्ये मुली चॉकलेट देतात. मनापासूनचं ते 'होनमेई', रीत म्हणून दिलेलं ते 'गिरी', आणि मुलाने परतफेड करायची ती १४ मार्चला. मार्चमध्येच शाळेचा निरोप समारंभ. तेव्हा मुलाच्या गणवेशाचं वरून दुसरं बटण मागतात, कारण ते हृदयाच्या सगळ्यात जवळ असतं. उन्हाळ्यात युकाता (सुती उन्हाळी किमोनो) आणि आतषबाजी, शरदात शाळेचा महोत्सव. हे टप्पे एकदा ओळखीचे झाले की बटणाचं चित्र दिसताच छातीत धडधडतं. तरीही वैताग आला, तर जोसेई वाचा.

५. सगळ्यांचे डोळे एवढे मोठे का, आणि मागे फुलं कशासाठी?

चांदण्या चमकणारे डोळे आणि चौकटी ओलांडून उभी असलेली पूर्णाकृती नायिका ही १९५० च्या दशकातली देणगी. त्यात माकोतो ताकाहाशी या चित्रकाराचा वाटा मोठा. पुढे १९७० च्या दशकात मोटो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा अशा बायकांनी शोजोचं पान बदलून टाकलं. त्या साधारण १९४९ च्या, म्हणजे जपानी कालगणनेत शोवा २४ च्या, आसपास जन्मलेल्या, म्हणून त्यांना 'चोवीस सालचा गट' म्हणतात. त्यांनी चौकटी मोडल्या, मनातलं बोलणं फुग्याबाहेर मोकळं सोडलं, आणि मागची फुलं भावनेची भाषा झाली. फुलं म्हणजे सजावट नव्हे. ती पात्राच्या डोक्यात फुललेली असतात.

ती फुलं घरात आणण्याआधी मात्र प्रश्न १३ वाचा.

६. शोजो आणि मांजर यांचा खरंच काही संबंध आहे, की तुम्हीच जोडताय?

मी जोडायच्या कितीतरी आधी युमिको ओशिमा यांनी जोडला. १९७८ मध्ये 'लाला'त त्यांची 'वाता नो कुनी होशी' सुरू झाली. टाकून दिलेलं एक पिल्लू तोकिओ नावाच्या मुलाला सापडतं. त्या पिल्लाची पक्की समजूत की मांजरं मोठी झाली की माणसं होतात, म्हणजे आपणही होणार आणि मग तोकिओवर प्रेम करता येणार. म्हणून ओशिमा तिला मांजराचे कान असलेल्या छोट्या मुलीच्या रूपात काढतात: ती स्वतःला तशी दिसते. मांजर माणूस होत नसतं हे तिला सांगतो तो एक बोका. मांजरकानांच्या मुली आज जिथे तिथे दिसतात, पण त्या कानांमागचं हे दुःख क्वचितच कुणाला ठाऊक असतं. याच ओशिमांनी पुढे स्वतःच्या मांजरांवर 'गूगू दात्ते नेको दे आरु' लिहिली. गूगू हे अमेरिकन शॉर्टहेअर.

'फ्रुट्स बास्केट'मध्ये बारा प्राणिराशींची जुनी गोष्ट आहे. उंदराने मेजवानीचा दिवस चुकीचा सांगितला, मांजर पोचलंच नाही आणि राशीचक्रातून कायमचं बाहेर राहिलं. कथेतला क्यो हा त्या मांजराचा शाप वाहणारा मुलगा. 'सेलर मून'मधली लुना आणि आर्टेमिस ही मांजरं तर सर्वांच्या ओळखीची. शिवाय २२ फेब्रुवारी हा जपानमध्ये मांजरदिन, कारण २-२-२ म्हणजे 'न्यान न्यान न्यान', तिथलं म्याव. व्हॅलेंटाइननंतर बरोबर आठ दिवसांनी.

७. जातिवंत मांजर म्हणजे नक्की काय? माझं मांजर केसाळ आहे, मग ते पर्शियनच ना?

जातिवंत म्हणजे ज्याची वंशावळ नोंदलेली आहे ते. नोंद ठेवणाऱ्या संस्था जुन्या आहेत: अमेरिकेतली सीएफए १९०६ ची, ब्रिटनमधली जीसीसीएफ १९१० ची, युरोपातली फिफे १९४९ ची, आणि टिका १९७९ ची. कागदावर आई-बाप, आजी-आजोबा आणि त्यांच्या मागच्या पिढ्या असतात. कागद नसेल तर ते 'पर्शियनसारखं दिसणारं' मांजर. त्याच्यावर प्रेम कमी करायचं कारण नाही, फक्त विकणाऱ्याने जातिवंताचे पैसे घेऊ नयेत.

एक गैरसमज इथेच दूर करते. वंशावळीचा कागद पूर्वज सांगतो, तब्येत सांगत नाही. ठमीचं कागदावरचं नाव चार शब्दांचं आणि भलतंच खानदानी आहे. त्या नावाची मांजरी सध्या धुण्याच्या टोपलीत उताणी झोपली आहे.

८. मला घडीच्या कानांचं मांजर हवंय, अगदी चित्रातल्यासारखं गोल. कुठल्या वयाचं घेऊ?

कुठल्याच वयाचं घेऊ नका.

स्कॉटिश फोल्डचा उगम १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या एका शेतावर सापडलेल्या सुझी नावाच्या पांढऱ्या मांजरीपासून. पिल्लं जन्मतात तेव्हा कान सरळच असतात, घडी पडते ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. कान वाकतो कारण त्यातली कूर्चा नीट घडत नाही. पण कूर्चा काही फक्त कानात नसते. तोच जनुकीय दोष पायांच्या सांध्यांत आणि शेपटीत काम करत राहतो: हाडं वेडीवाकडी वाढतात, सांधे आखडतात, शेपूट ताठरते. दोष प्रबळ आहे, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी पुरतो. घडीचे कान असलेल्या प्रत्येक मांजरात तो कमी-अधिक असतोच. जीसीसीएफने या जातीची नोंदणी १९७० च्या दशकातच थांबवली.

लोक म्हणतात, 'पण ते किती शांत असतं, एका जागी बसून राहतं!' उडी मारायला दुखत असेल तर कोणीही बसून राहील. मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं, आणि गोल डोळे, गोल तोंड, छोटे कान असं शोजोतल्यासारखं रूप समोर असलं की आपणही ते पाहायचं टाळतो. गोल तोंडच हवं असेल तर ब्रिटिश शॉर्टहेअर बघा. घरी आधीच फोल्ड असेल तर अपराधी वाटून घेऊ नका. वजन आटोक्यात ठेवा, खाण्या-झोपण्याच्या जागा खाली आणा, शी-शूच्या ट्रेची कड बुटकी घ्या, आणि वेदनांच्या उपचाराबद्दल डॉक्टरांशी बोला.

९. तुमच्याकडे स्वतःच चपट्या तोंडाचं पर्शियन आहे. मग वरचा उपदेश कुठल्या तोंडाने?

मुद्दा मान्य. ठमी आणली तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. फक्त ती चित्रासारखी दिसते एवढंच कळत होतं. त्या चित्राचा हिशेब असा: अश्रुवाहिन्या वाकड्या असल्याने डोळ्यांतून पाणी गळतं, म्हणून रोज सकाळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तोंड पुसायचं. झोपेत घोरते. गरमीत धाप लागते. खालच्या दातांची रांग बिघडलेली आहे. आज घेतली असती तर लांबट नाकाचं, जुन्या धाटणीचं पर्शियन शोधलं असतं. अशी असतात, आणि त्यांच्यावरही प्रेम तेवढंच बसतं.

१०. ब्रीडरकडे (जातिवंत मांजरांची पैदास करणाऱ्याकडे) गेल्यावर काय विचारायचं?

पिल्लू बारा-तेरा आठवड्यांच्या आत देतो म्हणाला तर तिथेच उठा. आई बघायला मागा. ती घरात माणसांत वावरते की पिंजऱ्यात असते ते बघा. तपासण्यांचे कागद आई-बापाचे मागायचे, पिल्लाचे नव्हे. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. एका पालकात असला तरी पिल्लात येऊ शकतो, आणि त्याची जनुकीय चाचणी मिळते. मेन कून आणि रॅगडॉलमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार असतो. तिथे जनुकीय चाचणी एकटी पुरत नाही, हृदयाची सोनोग्राफीही लागते. चांगला ब्रीडर उलट तुमचीच मुलाखत घेतो. मला अशा एका बाईंनी इतके प्रश्न विचारले की घामच फुटला. जो एकही प्रश्न विचारत नाही त्याला पिल्लू खपवायचं असतं.

११. पावसात खोक्यात पिल्लू सापडलं! दूध पाजू का? (घरी एक जातिवंत मांजर आहे.)

शाळेतला गुंड मुलगा पावसात, खोक्यातल्या पिल्लावर छत्री धरून उभा. नायिका लांबून बघते आणि तिथेच प्रेमात पडते. शोजोतलं हे सगळ्यात घासून गुळगुळीत झालेलं दृश्य, आणि मला ते अजूनही आवडतं. पुढच्या चौकटीतली दुधाची बशी मात्र विसरा. गाईच्या दुधाने पिल्लाला जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला तेवढंच पुरतं.

आधी कोरडं करा, मग ऊब द्या: टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, आणि सरकून लांब जायला जागा. गार पडलेल्या पिल्लाला काहीही पाजू नका, त्याला पचत नाही. अंग गरम झाल्यावर मांजराच्या पिल्लांसाठीचं तयार दूध द्या, पोटावर ठेवून. बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध श्वासनलिकेत जातं. डोळे मिटलेले असतील तर पिल्लू अजून दोन आठवड्यांचंही नाही; त्याला रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं. आणि घरातल्या मांजरापासून वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, वेगळा ट्रे, हात धुणं. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू कपड्यांवरूनही जातो आणि महिनोन्‌महिने टिकतो. तुमच्या मांजराची वंशावळ त्याला थोपवत नाही, लस थोपवते.

१२. खंड आणि मांजर एकाच खोलीत राहू शकतात का?

राहतात, पण तह खंडांच्या नव्हे, मांजराच्या अटींवर होतो.

कोपरे चावणं ही पिल्लांची खोड, बहुतेकदा वर्षभरात जाते. पुस्तकांच्या कण्यांवर नखं घासणं जात नाही, कारण ती खोड नसून गरज आहे. कपाटाला लागूनच, मांजर पूर्ण ताणून उभं राहील एवढा उंच आणि न हलणारा खांब ठेवा. लांबच्या कोपऱ्यात ठेवलेला खांब ते बघतही नाही. मौल्यवान संच दाराच्या कपाटात.

खरा धोका पुस्तकाला नसून पुस्तकापासून आहे. पानखुणेची रिबीन, भेटवस्तूची फीत, पात्रांच्या मूर्तींच्या खोक्यातले दोरे: मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असतात, एकदा तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणं त्याला जमत नाही. आतडी त्या दोऱ्यावर चुण्यांसारखी गोळा होतात आणि शस्त्रक्रिया करावी लागते. दोरा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या.

कसर लागू नये म्हणून कपाटात डांबरगोळ्या ठेवत असाल तर आजच काढा. त्यांतलं नॅफ्थलीन मांजरांना विषारी असतं. दमट हवेसाठी सिलिका जेलच्या पुड्या चालतील, फक्त खेळायला मिळणार नाहीत अशा ठेवा.

१३. आवडत्या पात्राच्या वाढदिवसाला मूर्तीभोवती फुलं मांडते. चालेल ना?

गुलाब चालतील, काटे काढून. लिली नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. पाकळी, पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. अंगावर पडलेले पराग चाटून साफ केले तरी एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शंका आली की लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा. पहिल्या तासांतच उपचाराला अर्थ असतो. डे-लिलीही तितकीच घातक. पीस लिली आणि कॅला लिली या नावापुरत्या लिली. त्यांनी तोंड भाजल्यासारखं होतं, लाळ गळते, पण मूत्रपिंड जात नाही. तरी मी घरात तीही ठेवत नाही, कारण नावांच्या गोंधळात चूक होते.

होनमेई चॉकलेटही झाकून ठेवा. मांजराला गोड चव कळतच नाही, पण लोण्या-दुधाच्या वासाने ते येतं, आणि चॉकलेट त्याला विष आहे.

१४. लांब केसांचं मांजर रोज विंचरायलाच हवं का?

पर्शियन असेल तर रोज. काखेत आणि पोटावर जटा झाल्या की कातडी ओढली जाते आणि दुखतं. जट कात्रीने कापू नका, कातडी पातळ असते आणि जटेबरोबर वर येते. एक प्रकरण वाचेपर्यंत विंचरायचं असा आमचा करार आहे. प्रकरण लांबलं तर ठमी तो मोडते.

१५. मला ऍलर्जी आहे. कुठल्या जातीची होत नाही?

अशी जात नाही. ऍलर्जी केसांची नसून लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाची असते, त्यामुळे बिनकेसांच्या स्फिंक्समुळेही होते. प्रमाण मात्र मांजरागणिक बदलतं. घेण्याआधी त्याच मांजराबरोबर दोन-तीन वेळा तासभर बसून बघा.

१६. एका मालिकेत तिरंगी बोका दाखवलाय. चित्रकाराची चूक ना?

बहुधा चूक, पण अशक्य नाही. केशरी आणि काळा रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून दोन्ही रंग एकत्र यायला दोन एक्स लागतात आणि तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी निघते. एखाद्या बोक्यात एक जादा एक्स असला तर तोही तिरंगी होतो, पण हे हजारोंत एखाद्याच्या बाबतीत घडतं आणि असा बोका सहसा नापीक असतो. त्याची वंशावळ कितीही उंची असली तरी बहुधा तिथेच थांबते. कथेतल्या बोक्याला पिल्लं झालेली दाखवली असतील, तर मात्र जवळजवळ नक्की चित्रकाराचीच चूक.

१७. मालिका संपेपर्यंत माझं मांजर राहील का?

हा प्रश्न मी आधी विनोद समजले होते. मग तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारला.

घरात राहणारं जातिवंत मांजर साधारण बारा ते पंधरा वर्षं जगतं, काही त्याहून जास्त. योशिकी नाकामुरा यांची 'स्किप बीट!' २००२ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या खंडावर झोपलेली बहुतेक पिल्लं आता नाहीत. सात-आठ वर्षांनंतर वर्षातून एकदा, अकरानंतर दोनदा रक्त-लघवीची तपासणी करून घ्या: मूत्रपिंड, थायरॉइड, रक्तदाब. दात तपासा. अचानक जास्त पाणी पिणं, खाऊनही वजन उतरणं, नेहमीच्या कपाटावर उडी न मारणं यांना 'म्हातारपण' म्हणून सोडून देऊ नका. तिन्हींवर बरंच काही करता येतं.

ठमीला अकरावं सुरू आहे. पूर्वी ती कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, 'किमी नि तोदोके'च्या ३० खंडांवर झोपायची. गेल्या हिवाळ्यात तिने तिथे चढणं सोडलं. एक्स-रेत मागच्या सांध्यांची झीज दिसली, औषध सुरू केलं, आणि तो संच मी खालच्या फळीवर आणून ठेवला.